स्तोत्रातला ‘मी’ कोण?



काही वर्षांपूर्वी, मी दुसऱ्या धर्मग्रामात असताना, रविवारची मिस्सा आटोपल्यावर एक आजी बायबल घेऊन माझ्याकडे आल्या. जमिनीवरून सख्ख्या भावाशी त्यांचा वाद चालू होता. स्तोत्र 109 चे पान त्यांनी खूण घालून ठेवले होते. “फादर, हे देवाच्याच पुस्तकातलं आहे ना? मग हे मी भावाचं नाव घेऊन रोज म्हटलं तर पाप लागेल का?”

ज्यांनी हे स्तोत्र वाचलेले नाही त्यांच्यासाठी सांगतो. सहाव्या वचनापासून एकोणिसाव्यापर्यंत एका माणसावर शापांचा नुसता वर्षाव आहे. तो लवकर मरावा, बायको विधवा व्हावी, मुलांनी भीक मागावी, सावकाराने सगळे लुबाडावे. धर्मगुरू आणि व्रतस्थ दिवसभरात ठरावीक वेळी जी प्रार्थना करतात, तिच्या 1971 च्या सुधारित पुस्तकात हे स्तोत्र घेतलेलेच नाही. स्तोत्र 58 आणि 83 हीसुद्धा गाळली आहेत.

“आजी, हे म्हणू नका” एवढे सांगून मी मोकळा होऊ शकलो असतो. पण आधी विचारायला हवे की हे शाप देतो कोण?

सर्वनामांकडे लक्ष द्या. पहिल्या पाच वचनांत स्तोत्रकर्त्याचे शत्रू पुष्कळ आहेत, सगळीकडे ‘ते’. सहाव्या वचनात एकदम ‘तो’ येतो, एकच माणूस. विसाव्यात पुन्हा ‘ते’. शिवाय अठ्ठाविसाव्या वचनात शाप देणारे ते आहेत, असेच स्तोत्रकर्ता देवाला सांगतो. म्हणून अनेक अभ्यासक म्हणतात की मधले शाप त्याचे नाहीतच. शत्रू त्याच्याविरुद्ध जे बोलले तेच तो देवापुढे मांडतो आहे, जसा कोर्टात आरोपी आपल्यावरचे आरोप वाचून दाखवतो. मूळ हिब्रू लिखाणात अवतरणचिन्हे नाहीत, त्यामुळे कोणाचे बोलणे कुठे सुरू झाले हे वाचणाऱ्यानेच ओळखायचे. 1989 च्या ‘न्यू रिव्हाइज्ड स्टँडर्ड व्हर्जन’ या इंग्रजी भाषांतरात तर सहाव्या वचनाआधी ‘ते म्हणतात’ अशा अर्थाचे शब्द घातले आहेत. ते हिब्रूत नाहीत.

सगळ्यांना हे पटत नाही. विसाव्या वचनात स्तोत्रकर्ता स्वतःच मागतो की आरोप करणाऱ्यांना हेच फळ मिळो. म्हणजे राग त्याच्याही पोटात आहे. माझा कल पहिल्या अर्थाकडे आहे, पण ते विसावे वचन मला टोचत राहते.

कवितेत ‘मी’ आला की तो कवीच, असे आपण धरून चालतो. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आमची हीच फजिती व्हायची. प्लेटोच्या संवादात सॉक्रेटिस बोलतो आणि आम्ही परीक्षेत लिहायचो ‘प्लेटो म्हणतो’! रेव्हरंड टिळकांची ‘केवढे हे क्रौर्य’ आपल्यापैकी अनेकांनी शाळेत पाठ केली असेल. तिथे कवी आधी बाहेरून जखमी पक्षिणीला पाहतो आणि मग ती स्वतःच बोलू लागते. आवाज बदलतो तिथे ऐकणाऱ्याची जागाही बदलते.

स्तोत्र 23 मध्येही हे घडते. सुरुवातीला मेंढपाळाविषयी ‘तो’ म्हणून सांगणे चालते. अंधाऱ्या दरीत पाऊल पडते आणि त्याच वचनात ‘तो’चा ‘तू’ होतो. कुरणात देवाविषयी बोलणारा भक्त दरीत देवाशी बोलू लागतो. प्रेतयात्रेच्या वेळी आपण हे कितीदा म्हटले असेल, पण हा बदल माझ्याही ध्यानात फार उशिरा आला.

आजींना मी म्हटले, “आजी, आज घरी जाऊन हे पुन्हा वाचा. पण या वेळी असं समजा, की तुमचा भाऊ त्याच्या ओटीवर बसून तुमचं नाव घेऊन हे म्हणतोय.” त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “तो म्हणतच असेल, फादर.”

शब्द तेच, पण तोंड बदलले की काय होते, हे मत्तयच्या चौथ्या अध्यायात दिसते. मंदिराच्या शिखरावर सैतान येशूपुढे स्तोत्र 91 ची अकरावी-बारावी वचनेच म्हणतो. भक्ताला धीर देणारे शब्द त्याच्या तोंडी मोह होतात.

याच स्तोत्रात एकाहून अधिक आवाज आहेत. एक जण भक्ताला ‘तुला’ असे म्हणत धीर देतो, भक्त स्वतः ‘मी’ म्हणून बोलतो आणि शेवटच्या तीन वचनांत, चौदा ते सोळा, खुद्द परमेश्वर बोलतो. आज सायंप्रार्थनेच्या वेळी घरात ते आवाज वाटून घेऊन मोठ्याने वाचा. दुसरे वचन लहान मुलाला द्या, मधला भाग आईवडिलांनी घ्यावा. शेवटची तीन वचने कोणाला द्यायची हे तुम्हीच ठरवा. पुढच्या रविवारी मिस्सेनंतर भेटलात तर मला जरूर सांगा.