वस्तीची तब्येत तपासली आहे का?

ताप आला की आपण डॉक्टरांकडे जातो. डॉक्टर आधी चार प्रश्न विचारतात, नाडी पाहतात, पोट दाबून पाहतात आणि मगच औषध लिहून देतात. पूर, दरड, उष्णतेची लाट यांच्या बाबतीत मात्र आपण रोग्याला तपासतच नाही. पावसाळ्याच्या तोंडावर नालेसफाईची बातमी वाचायची आणि दुर्घटना घडली की हळहळायचे, एवढेच आपण करतो. म्हणून आज एखाद्या माणसाची नव्हे, तर अख्ख्या वस्तीची तब्येत कशी तपासावी, हे मी सांगणार आहे. उदाहरणे मुंबईच्या उपनगरांतली घेतली आहेत. तेथे मी काही वर्षे दवाखाना चालवला, हे एक कारण. दुसरे असे की, आपल्याकडच्या बहुतेक घरांतले कोणी ना कोणी घाटकोपर, मुलुंड, अंधेरी नाहीतर बोरिवलीला पोटापाण्यासाठी गेलेले आहे.

पाऊस एक, परिणाम निराळे

२६ जुलै २००५ चा पाऊस कोणी विसरलेले नाही. सांताक्रूझच्या वेधशाळेत त्या चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. वर्षभरात तेथे जेवढा पाऊस पडतो, त्याच्या एक-तृतीयांशाहून जास्त पाऊस एका दिवसात पडला. त्याच वेळी दक्षिणेला कुलाब्याच्या वेधशाळेत ७५ मिलिमीटरही पाऊस नव्हता. म्हणजे 'मुंबईत आज एवढा पाऊस झाला' या वाक्यावरून आपल्या गल्लीत काय होणार, हे कळत नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. अंधेरीच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या कुटुंबाचे त्या दिवशी वीज गेल्याने आणि दूध न मिळाल्याने हाल झाले. तेथून जवळच साकीनाक्याला डोंगराचा कडा घसरला आणि पन्नासाहून अधिक माणसे मातीखाली गेली. पाऊस दोघांवर सारखाच पडला होता.

त्याआधी १२ जुलै २००० रोजी घाटकोपरच्या आझाद नगरात दरड कोसळून साठाहून अधिक माणसे दगावली होती. २ जुलै २०१९ रोजी मालाडच्या पिंपरीपाड्यात भिंत कोसळून तीसच्या आसपास माणसे गेली. १८ जुलै २०२१ रोजी चेंबूर आणि विक्रोळी येथे मिळून साधारण तेवढीच गेली. मालाड, चेंबूर आणि विक्रोळीच्या दुर्घटना रात्री, लोक झोपेत असताना घडल्या. दरड अचानक कोसळते खरी, पण डोंगर काही अचानक येत नाही. उतार, भिंत आणि तिच्या पायथ्याची घरे वर्षभर सर्वांच्या डोळ्यांसमोर असतात.

धोक्याचे तीन भाग

क्षयाचे जंतू एका खोलीतल्या पाच जणांच्या फुप्फुसात जाऊ शकतात, पण आजारी पडतो एखादाच. आजार व्हायला जंतू लागतो, त्याच्याशी संपर्क लागतो आणि अंगातली प्रतिकारशक्ती कमी असावी लागते. वस्तीचेही तसेच आहे.

पहिला भाग म्हणजे संकट: अतिवृष्टी, भरती, दरड, उष्णतेची लाट. दुसरा भाग म्हणजे त्या संकटाच्या वाटेत कोण आहे. तिसरा भाग म्हणजे ते सोसण्याची ताकद कोणात किती आहे. पहिला भाग आपल्या हातात नाही. उलट तो वाढत चालला आहे. हवा एक अंश सेल्सिअसने तापली की तिच्यात सुमारे ७ टक्के जास्त बाष्प मावते आणि ते पडते तेव्हा धो धो पडते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०१७ साली दाखवून दिले की, १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. मुंबईची जुनी गटारे तासाला २५ मिलिमीटर पाऊस वाहून नेण्याच्या हिशेबाने बांधलेली होती. नव्या योजनेत हा हिशेब ५० मिलिमीटर धरला आहे. त्यापेक्षा जोराचा पाऊस आणि समुद्राला मोठी भरती एकाच वेळी आली, तर पाणी तुंबणारच. म्हणून आपले लक्ष दुसऱ्या आणि तिसऱ्या भागाकडे हवे.

तपासणी कशी करावी?

यासाठी यंत्रे लागत नाहीत. वस्तीतले आठ-दहा जण, एक मोठा कागद, रंगीत खडू आणि दोन रविवार पुरतात. गणेशोत्सव मंडळ, महिला बचत गट, चाळ कमिटी, अंगणवाडी सेविका, आरोग्य स्वयंसेविका यांनी मिळून हे काम करावे. बायका आणि म्हातारी माणसे यात असलीच पाहिजेत. दुपारी दोन वाजता घरात पाणी शिरते तेव्हा कामावर गेलेला पुरुष तेथे नसतो.

१. पूर्वेतिहास: डॉक्टर आधी विचारतात, 'पूर्वी असे कधी झाले होते का?' वस्तीतल्या जुन्या माणसांना हेच विचारावे. २००५ साली पाणी कोठपर्यंत आले होते? २९ ऑगस्ट २०१७ ला कोठपर्यंत? पाणी पहिल्यांदा कोणत्या बाजूने येते? उतरायला किती तास लागतात? वर्षे आणि पाण्याची उंची (घोटा, गुडघा, कंबर) लिहून ठेवावी.

२. नकाशा: कागदावर गल्ल्या, नाला, डोंगराचा उतार, संरक्षक भिंत, सार्वजनिक नळ, संडास, विजेच्या मीटरची पेटी, शाळा, दवाखाना आणि रुग्णवाहिका जेथवर येऊ शकते ती जागा दाखवावी. प्रत्येक भागाचे दुखणे वेगळे असते. बोरिवलीच्या पूर्वेला दहिसर नदीकाठी राहणाऱ्याने राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरात किती पाऊस झाला याकडे लक्ष ठेवायचे असते. अंधेरीत भुयारी मार्ग तुंबला की पूर्व आणि पश्चिम बाजूंमधली एक वाट बंद होते, मग बाळंतिणीला कोणत्या बाजूच्या रुग्णालयात न्यायचे हे आधीच ठरवावे लागते. घाटकोपरच्या असल्फ्याला किंवा मुलुंडच्या डोंगराकडच्या पट्ट्यात पाणी साचण्यापेक्षा माती सुटण्याची भीती जास्त.

३. फेरी: आता नकाशा हातात घेऊन सर्वांनी चालत फिरावे. जमिनीला किंवा भिंतीला नवी भेग पडली आहे का? संरक्षक भिंत फुगली आहे का, तिच्यातली पाणी जाण्याची भोके बुजली आहेत का? विजेचा खांब किंवा झाड कलले आहे का? एरवी सहज लागणारे दार चौकटीत अडकू लागले आहे का? उतारातून अचानक गढूळ पाणी झिरपू लागले आहे का? यांतली एक जरी खूण पावसाळ्यात दिसली तरी त्या रात्री तेथे झोपू नये. मॅनहोलची झाकणे कोठे आहेत तेही लिहावे. २०१७ च्या त्या पावसात मुंबईतले एक नामवंत डॉक्टर रस्त्यावरच्या पाण्यातून चालत जाताना उघड्या मॅनहोलमध्ये पडून मरण पावले. पाण्याखालची झाकणे कोणालाच दिसत नाहीत. आणि हात उंचावायचा झाल्यास वर पाहायलाही विसरू नये. १३ मे २०२४ रोजी घाटकोपरला वादळी वाऱ्यात जाहिरातीचा प्रचंड फलक पेट्रोल पंपावर कोसळला आणि १७ जणांचे प्राण गेले.

४. घरोघरची यादी: हा तपासणीचा गाभा आहे. प्रत्येक घरी जाऊन पुढील गोष्टी विचाराव्यात. अंथरुणाला खिळलेले कोणी आहे का? गरोदर बाई, तान्हे मूल, अपंग, एकटी राहणारी म्हातारी व्यक्ती? इन्सुलिन, डायलिसिस, क्षयाची किंवा फिटची गोळी चालू आहे का? पत्र्याच्या खोलीत किंवा पोटमाळ्यावर दिवसभर कोण असते? मे महिन्याच्या उकाड्यात पत्र्याखाली बसलेल्या म्हाताऱ्या माणसाला पुराइतकाच धोका असतो. ही माहिती खासगी असते. ती विश्वासातल्या दोघा-तिघांपाशीच ठेवावी, फलकावर लावू नये.

५. जमेची बाजू: डॉक्टर रोग्याची ताकदही पाहतात. पोहता येणारे कोण? रिक्षा किंवा टेम्पो कोणाकडे आहे? नर्स, इलेक्ट्रिशियन, गवंडी कोण? कोणत्या शाळेची, मंदिराची, मशिदीची किंवा इमारतीची वरची जागा रात्री उघडून मिळेल, आणि तिची चावी कोणाकडे असते?

दोन लाल खुणा

सगळी माहिती जमली की नकाशावर खुणा कराव्यात. धोक्याच्या जागी असलेल्या घराला एक लाल खूण. स्वतःहून बाहेर पडू न शकणारे माणूस असलेल्या घराला दुसरी लाल खूण. ज्या घरावर दोन लाल खुणा येतील, ते घर सर्वांत आधी हलवायचे. शंभर घरांच्या वस्तीत अशी घरे बहुधा हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी निघतात. पावसाच्या रात्री शंभर घरे हलवणे कोणालाच जमत नाही, पण मोजकी घरे हलवणे जमते. प्रत्येक अशा घरासाठी शेजारच्या दोन माणसांची नावे ठरवून टाकावीत. 'कोणीतरी जाईल' असे म्हटले की कोणीच जात नाही.

येथे एक अनुभवाची गोष्ट सांगतो. मी लोकांना विचारत असे, 'धोक्याची सूचना आली तरी तुम्ही घर का सोडत नाही?' उत्तर अडाणीपणाचे नसे. घर सोडले तर भांडीकुंडी चोरीला जातील, शिलाई मशीन भिजेल, राहण्याचा पुरावा गेला तर उद्या पुनर्वसनात नाव लागणार नाही, ही भीती असे. ती खरी आहे. म्हणून रेशन कार्ड, आधार, फोटोपास, वीजबिल, मुलांचे दाखले आणि औषधांची चिठ्ठी प्लॅस्टिकच्या एका पिशवीत, दाराजवळ उंचावर टांगलेली असावी. रिकाम्या घरांवर रात्री कोण नजर ठेवणार, हेही ठरवावे. लोकांची अडचण सोडवली की सूचना ऐकली जाते.

पाणी ओसरल्यावरचे वेळापत्रक

पुरात बुडून जेवढी माणसे जातात त्यांची नावे वर्तमानपत्रात येतात. नंतरच्या आजाराने जाणाऱ्यांची येत नाहीत. २००५ च्या पुरानंतर ऑगस्टमध्ये मुंबईत लेप्टोस्पायरोसिसची मोठी साथ आली. उंदीर, कुत्री, गुरे यांच्या लघवीतून हे जंतू पाण्यात येतात आणि पायाच्या जखमेतून किंवा भेगेतून शरीरात शिरतात. माझ्याकडे त्या दिवसांत हमाली करणारा एक तरुण आला. आठ दिवसांपूर्वी तो कमरेएवढ्या पाण्यातून चालला होता. अंगात ताप, पोटऱ्या दुखत होत्या, डोळे लाल. दुकानातून तापाची गोळी घेऊन त्याने तीन दिवस काढले होते. मी त्याला लगेच मोठ्या रुग्णालयात पाठवले. डायलिसिस करावे लागले, पण तो वाचला. आणखी दोन दिवस घरी राहता तर वाचता ना.

म्हणून हे वेळापत्रक वस्तीत सर्वांना सांगावे. पहिल्या आठवड्यात जुलाब-उलट्या: पाणी उकळून प्यावे, मीठ-साखर-पाणी सुरू करावे. साधारण पाच ते चौदा दिवसांत लेप्टो: ताप आल्यास डॉक्टरांना 'मी पुराच्या पाण्यातून चाललो होतो' हे आपणहून सांगावे. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून डेंग्यू आणि मलेरिया, आणि महिन्याच्या आसपास दूषित पाण्याची कावीळ. तुंबलेल्या पाण्यातून जावे लागलेच तर पाय साबणाने धुवावेत आणि ७२ तासांच्या आत जवळच्या पालिका दवाखान्यात जाऊन प्रतिबंधक औषध घ्यावे की नाही, हे विचारावे. औषध आणि मात्रा डॉक्टरच ठरवतील. गरोदर स्त्रिया व लहान मुलांचे औषध वेगळे असते, म्हणून घरातल्या एकाची गोळी दुसऱ्याला देऊ नये.

कागद कपाटात नको

तयार झालेल्या नकाशाची एक प्रत पालिकेच्या वॉर्ड ऑफिसात आणि एक नगरसेवकाकडे देऊन पोच घ्यावी. भिंत बांधणे, नाला रुंद करणे, धोक्याच्या जागेवरच्या लोकांना पक्के घर देणे ही कामे वस्तीची नाहीत, सरकारची आहेत. पण 'आमच्याकडे धोका आहे' असे मोघम सांगण्यापेक्षा 'या भिंतीखाली इतकी घरे, त्यांत इतकी अंथरुणाला खिळलेली माणसे' असे लेखी सांगितले की ते टाळणे कठीण जाते. मुंबईत आपत्तीच्या वेळी पालिकेचा १९१६ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हे क्रमांक प्रत्येक दारामागे खडूने लिहून ठेवावेत. यादी दरवर्षी मे महिन्यात नवी करावी, कारण भाडेकरू बदलतात, मुले जन्मतात, माणसे म्हातारी होतात.

मुंबईतल्या आपल्या माणसांना हा लेख जरूर पाठवा. पण गावाकडेही तो तितकाच लागू आहे. ३० जुलै २०१४ ला माळीण, २२ जुलै २०२१ ला तळीये, १९ जुलै २०२३ ला इर्शाळवाडी ही गावे डोंगराखालीच गाडली गेली. आपल्या वाडीच्या वरचा डोंगर, खालचा ओढा आणि मधली घरे यांचा नकाशा काढायला एक रविवार पुरेल. सुरुवात एका प्रश्नाने करा: आज रात्री बाहेर पडायची वेळ आली, तर आपल्या आळीत कोणाला उचलून न्यावे लागेल, आणि कोण उचलेल?