शिंदी : एका शेंड्याचे झाड

ओढ्याच्या काठी, पाणथळ जागी आणि शेताच्या बांधावर आपोआप उगवणारे शिंदीचे झाड महाराष्ट्रातील शेतकऱ्यास अपरिचित नाही. त्याच्या झावळ्यांचे फडे व चटया होतात, फळे मुले आवडीने खातात आणि रसापासून नीरा व गूळ मिळतो. तथापि या झाडाची मुद्दाम लागवड सहसा कोणी करीत नाही व निगाही राखीत नाही. वापर मात्र चालूच असतो. झाडाची रचना ध्यानात न घेता केलेला वापर अखेर झाडाच्याच मुळावर येतो. म्हणून रचना व उपयोग यांचा विचार एकत्र करणे इष्ट आहे.

झाडाची ओळख

शिंदी ही ताडाच्या कुळातील व खजुराच्या प्रजातीतील वनस्पती होय. तिचे शास्त्रीय नाव फिनिक्स सिल्व्हेस्ट्रिस असे असून त्यातील दुसऱ्या शब्दाचा अर्थ ‘रानातील’ असा आहे. लिनियस याने १७५३ साली या झाडाची नोंद वेगळ्या प्रजातीत केली होती. पुढे रॉक्सबर्ग याने ते खजुराच्या प्रजातीत घातले.

खोड एकच, सरळ व साधारणपणे १० ते १५ मीटरपर्यंत वाढणारे असते. गळून गेलेल्या झावळ्यांच्या देठांचे बुडखे खोडावर राहतात व त्यामुळे ते खडबडीत दिसते. झावळी तीन-चार मीटर लांब असते. तिच्या बुडाकडील पर्णिकांचे रूपांतर कठीण, अणकुचीदार काट्यांत झालेले असते. लागवडीच्या खजुरास बुंध्याशी फुटवे येतात. शिंदीस ते येत नाहीत. हा फरक शेतकऱ्याने विशेष लक्षात ठेवावा.

एकाच शेंड्यावर सारी भिस्त

आंबा किंवा बाभूळ छाटली असता तिला नवे धुमारे फुटतात. शिंदीची गोष्ट वेगळी आहे. तिची संपूर्ण वाढ शेंड्यातील एकाच कोंबातून होते. नवी झावळी, नवा फुलोरा आणि खोडाची उंची ही सर्व त्या एका कोंबाची देणगी होय. तो कोंब तुटला, कुजला किंवा किडीने पोखरला, तर झाड पुन्हा फुटत नाही. शेंड्यातील पांढरा गाभा गोड व खाण्याजोगा असतो खरा, पण तो एकदा काढला म्हणजे अनेक वर्षांचे झाड संपले.

दुसरी गोष्ट खोडाची. शिंदीच्या खोडाला आंब्याप्रमाणे साल धरून जखम भरून काढण्याची शक्ती नाही. खोडावर घातलेला घाव जन्मभर तसाच राहतो.

नर, मादी व फळे

शिंदीत नराचे झाड वेगळे व मादीचे वेगळे असते. हिवाळ्याच्या अखेरीपासून फुलोरा येऊ लागतो. नरफुलांतील पराग मुख्यतः वाऱ्याबरोबर मादीच्या झाडाकडे जातात. फळे फक्त मादीसच धरतात, म्हणून नर निरुपयोगी समजून तोडणे चुकीचे ठरते. परिसरात नर उरला नाही, तर मादीलाही नीट फळधारणा होणार नाही. फळे नारिंगी-पिवळ्या रंगाची, सुमारे अडीच सेंटिमीटर लांब, पातळ गराची व मोठ्या बियांची असतात. पक्षी, कोल्हे व अस्वले ती खातात आणि बियांचा प्रसार करतात. लोंबत्या झावळ्यांच्या टोकांशी सुगरण पक्षी आपली घरटी विणतात.

झावळ्यांचा उपयोग

शिंदीच्या पात्यांपासून फडे, केरसुण्या, चटया व टोपल्या तयार होतात. केरसुणी वळणे हा मातंग समाजातील अनेक कारागिरांचा परंपरागत व्यवसाय आहे. दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या दिवशी घरोघरी नव्या केरसुणीची पूजा होते. ओढ्याकाठची शिंदी सरसकट तोडली गेली, तर या कारागिरांचा कच्चा माल नाहीसा होतो. झावळ्या घेताना खालच्या बाजूच्या तयार झावळ्या घ्याव्या. शेंड्यातील कोंबास व त्याभोवतीच्या झावळ्यांस धक्का लावू नये. एका झाडाच्या सर्व झावळ्या एकाच वेळी उतरवू नयेत.

रस व गूळ

शिंदीचा रस काढण्याची कला बंगालमध्ये विशेष विकसित झालेली आहे. पश्चिम बंगालमध्ये हे काम करणाऱ्यास शिउली व बांगलादेशात गाछी म्हणतात. हिवाळ्यात शेंड्याखालील एका बाजूच्या झावळ्या काढून तेथील कोवळा भाग तासतात व काही दिवसांनी खाच पाडून बांबूची नळी बसवितात. काही रात्री रस घेतला की झाडास विश्रांती देतात. विश्रांतीनंतरच्या पहिल्या रात्रीचा रस उत्तम गणला जातो. पुढील वर्षी खाच विरुद्ध बाजूस घेतात. म्हणून तेथील झाडांची खोडे नागमोडी दिसतात आणि खाचा मोजून रस किती वर्षे काढला हे सांगता येते.

ताज्या रसात शेकडा सुमारे १० ते १२ भाग साखर असते. आठ ते दहा लिटर रसापासून साधारणपणे एक किलो गूळ मिळतो. ऊन चढू लागताच रस आंबतो. म्हणून मडकी धुरी देऊन कोरडी करावी व रस पहाटेच उतरवून लगेच कढवावा. वर्धा येथे १९३४ साली स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाने ताडगुळाच्या धंद्यास चालना दिली होती. महाराष्ट्रात नीरा काढण्यास व विकण्यास शासनाचा परवाना लागतो, हे ध्यानात ठेवावे.

कच्चा रस पिण्यात धोका आहे. रात्री वटवाघळे खाचेवर येऊन रस चाटतात. त्यांच्या लाळेतून व मूत्रातून निपाह विषाणू रसात मिसळू शकतो. बांगलादेशात २००५ साली टांगाइल जिल्ह्यात आलेल्या साथीचा संबंध अशा कच्च्या रसाशी असल्याचे आढळले. यास्तव खाच व मडके बांबूच्या तट्ट्याने पूर्ण झाकावे. झाकलेला रसही कच्चा न पिता चांगला उकळून घ्यावा.

जोपासना

शिंदी बियांपासूनच होते. रोपाचे पहिले पान पिसासारखे विभागलेले नसून गवताच्या पात्यासारखे अखंड असते. त्यामुळे खुरपणीत ते गवत समजून उपटले जाण्याचा संभव असतो. ज्या जागी झाड हवे तेथे खूण करून रोप राखावे व सुरुवातीची वर्षे गुरांपासून जपावे.

गेंड्या भुंगा शेंडा पोखरतो, तर सोंड्या भुंगा ताज्या जखमेच्या वासाने आकर्षित होऊन तेथे अंडी घालतो. म्हणून विनाकारण घाव घालू नये. किडीने मेलेले झाड तोडून नष्ट करावे.

पाणथळ व काहीशी खारवट जमीनही शिंदीस चालते. जेथे अन्य पीक येत नाही, अशा ओढ्याच्या कडा तिच्यासाठी राखल्यास शेतीचे नुकसान होत नाही. बांधावर जी झाडे आज उभी आहेत, त्यांतील नर व मादी फुलोऱ्याच्या वेळी ओळखून दोन्ही राखावीत, आणि प्रत्येक जुन्या झाडामागे निदान एक रोप वाढत आहे याची दरवर्षी पाहणी करावी.