घटक ४ : लोकसहभागाची भाषा (सावदा आणि परिसराच्या संदर्भात)

४.१ प्रास्ताविक

१९६४ च्या महाराष्ट्र राजभाषा अधिनियमाने राज्यकारभाराची भाषा मराठी ठरली. इंग्रजी संज्ञांना मराठी पर्याय देण्याचे मोठे काम भाषा संचालनालयाने केले, हे आपणांस ठाऊक आहे. कारभार मराठीत आला म्हणजे तो लोकांपर्यंत पोहोचला, असे मात्र गृहीत धरता येत नाही. प्रस्तुत घटकात स्थानिक स्वराज्य संस्थांतील लोकसहभागाचा विचार या भाषिक अंगाने करावयाचा आहे.

४.२ ग्रामसभा आणि नगरपरिषद

रावेर तालुक्यातील सावदा हे केळीच्या व्यापाराचे गाव. येथे नगरपरिषद आहे आणि भोवतालच्या खेड्यांत ग्रामपंचायती आहेत. १९९३ साली अमलात आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेला घटनात्मक स्थान दिले. मतदारयादीत नाव असलेली प्रत्येक व्यक्ती तिची सदस्य असते. ती निवडून आलेली नसते, तरी सभेत उठून प्रश्न विचारण्याचा तिचा अधिकार असतो. महाराष्ट्रात या सभेची गणसंख्या एकूण मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यांपैकी जी कमी असेल ती धरली जाते. तहकूब झालेल्या सभेला गणसंख्येचे बंधन नसते. पुष्कळ ठराव अशा तहकूब सभेतच होतात, हेही येथे नमूद करावयास हवे.

त्याच वर्षी अमलात आलेली ७४ वी घटनादुरुस्ती शहरांसाठी होती. प्रभाग समित्यांची सक्ती तिने केली. परंतु ती तीन लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांपुरतीच. सावद्यासारखे लहान शहर या तरतुदीत बसत नाही. याचा परिणाम विचित्र आहे. खेड्यातील शेतकऱ्याला वर्षातून काही वेळा सभेत बोलण्याचा हक्क घटनेनेच मान्य केला आहे. दोन-चार किलोमीटरवरील सावद्यातील त्याच्या मेहुण्याला मात्र घटनेने तशी सभा दिलेली नाही. मेहुण्याच्या वाट्याला प्रामुख्याने येते ती फलकावरची किंवा वृत्तपत्रातील जाहीर सूचना. म्हणूनच लहान शहरात सूचनेची भाषा हा केवळ शैलीचा प्रश्न राहत नाही.

४.३ क्रियापदाचा कर्ता

पुढील वाक्य अभ्यासासाठी रचलेला नमुना आहे :

‘प्रारूप विकास योजनेबाबत हरकती व सूचना मागविण्यात येत असून विहित मुदतीनंतर प्राप्त झालेल्या हरकती विचारात घेतल्या जाणार नाहीत, याची नागरिकांनी नोंद घ्यावी.’

हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. तथापि त्यातील कर्ता शोधून पाहावा. हरकती कोण मागवतो? त्या विचारात कोण घेणार नाही? कर्मणी रचनेने अधिकारी दोन्ही ठिकाणी अदृश्य केला आहे. नागरिक कर्त्याच्या जागी येतो तो शेवटी, आणि तोही विध्यर्थी क्रियापदासह. त्याने फक्त नोंद घ्यावयाची आहे. ‘प्रारूप’, ‘विहित’ आणि ‘प्राप्त’ हे तीनही शब्द सावद्याच्या आठवडे बाजारात ऐकू येणार नाहीत.

१९६६ च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमानुसार विकास योजनेवर हरकत घेण्याची मुदत ठरलेली असते. गावालगतच्या केळीच्या बागेतून रस्ता आखला गेला असेल आणि बागाइतदाराला सूचनेचा अर्थ मुदत संपल्यावर कळला, तर योजनेवर हरकत घेण्याची त्याची संधी हुकते. हेच वाक्य असेही लिहिता येते : ‘नगरपरिषदेने गावाच्या पुढील वाढीचा नकाशा तयार केला आहे. आपल्या जमिनीवर रस्ता किंवा आरक्षण दाखवले आहे का, ते कार्यालयात येऊन पाहावे. हरकत असल्यास अमुक तारखेपर्यंत लेखी द्यावी.’ यात कायद्याचा अर्थ कोठेही सैल झालेला नाही. अधिकाऱ्यांना असे लिहिणे कमीपणाचे वाटते, हा आपल्याकडील जुना समज आहे आणि तो अनाठायी आहे.

४.४ ‘सहभाग’ आणि ‘भागीदारी’

शासकीय लेखनात हे दोन शब्द अनेकदा समानार्थी म्हणून येतात. त्यांच्यासोबत ‘लोकवर्गणी’ आणि ‘श्रमदान’ हेही शब्द येतात. २००० नंतरच्या ग्रामीण पाणीपुरवठा योजनांत दहा टक्के लोकवर्गणीची अट होती. पैसा किंवा श्रम देणे हा सहभाग झाला. भागीदारीत निर्णयातही वाटा असावा लागतो.

हा फरक समजण्यासाठी खानदेशाच्या पश्चिम टोकाकडे, धुळे जिल्ह्यातील पांझरेच्या खोऱ्याकडे पाहावे. तेथील फड पद्धतीत बंधाऱ्याखालील जमीन फडांत विभागलेली असते. एका फडात साधारणपणे एकच पीक घेतले जाते. कोणत्या फडात कोणते पीक घ्यावे, हे शेतकरी आणि त्यांचे पंच मिळून ठरवतात. पाणी सोडण्याचे काम पाटकरी करतो आणि पिकाची राखण जागल्या करतो. पाटातील गाळ काढण्यास सर्वांनी यावयाचे असते. येथे श्रम देणारा आणि ठरवणारा एकच आहे. पाटकऱ्याची नेमणूकही लाभधारकच करतात. बोलताना ‘आम्ही ठरवलं’ असे क्रियापद सहज येते. नगरपालिकेच्या इतिवृत्तात ते ‘ठरविण्यात आले’ असे होते.

४.५ बोली, उर्दू आणि प्रमाण मराठी

सावदा परिसरात लेवा गणबोली बोलली जाते. तीत ‘ळ’च्या जागी ‘य’ येतो. शाळा ‘शाया’ होते, डोळा ‘डोया’ होतो. बहिणाबाई चौधरींमुळे या बोलीला साहित्यात मान मिळाला, पण सभागृहात ती बोलणारी स्त्री अजूनही संकोचते. ग्रामसभेपूर्वी स्वतंत्र महिला सभा घेण्याची तरतूद महाराष्ट्रात आहे. तिचे इतिवृत्त प्रमाण मराठीत लिहिताना बोलणारीचा मुद्दा किती टिकतो, हे तपासण्यासारखे आहे.

सावद्यात उर्दू वाचणारी कुटुंबेही आहेत. अकोला जिल्ह्यातील पातूर नगरपरिषदेच्या फलकावर मराठीसोबत उर्दू असण्यास हरकत घेण्यात आली होती. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती मान्य केली नाही. २००५ च्या माहिती अधिकार अधिनियमातील चौथे कलमही माहिती देताना स्थानिक भाषा विचारात घेण्यास सांगते.

स्वयं-अध्ययनासाठी

आपल्या गावातील कार्यालयाच्या फलकावरील एक जाहीर सूचना उतरवून घ्या. तीतील प्रत्येक क्रियापदाचा कर्ता शोधा. नंतर ती सूचना घरातील वडीलधाऱ्या व्यक्तीस वाचून दाखवा आणि तिला काय करावयाचे आहे असे समजले, ते तिच्याच शब्दांत लिहून काढा.