जुनी डिस्क विकण्यापूर्वी : 'इनपुट फाईल'चा योग्य वापर

जुना संगणक विकताना आपण त्यातील फाईली डिलीट करतो आणि निर्धास्त होतो. प्रत्यक्षात डिलीट केल्याने फाईलची फक्त नोंद जाते. वहीची अनुक्रमणिका फाडली तरी आतील पाने शिल्लक राहावीत, तसा हा प्रकार आहे. गिऱ्हाइकांची उधारी, कारागिरांची मजुरी, भरतकामाची डिझाईन्स हे सारे साध्या प्रोग्रामने परत काढता येते. दुसऱ्याचा हिशेब ही आपल्याकडील अमानत आहे. म्हणून जुन्या मजकुरावर नवा मजकूर लिहिणे, म्हणजेच ओव्हरराईट करणे, आवश्यक ठरते.

लिनक्समधील 'डीडी' हा प्रोग्राम हे काम करतो. त्याला दोन गोष्टी सांगाव्या लागतात. 'आयएफ' म्हणजे इनपुट फाईल, जिथून वाचायचे. 'ओएफ' म्हणजे आउटपुट फाईल, जिथे लिहायचे. आज्ञेचा नमुना असा (इंग्रजी लहान अक्षरांत टाईप करावी, फक्त शेवटचा 'एम' मोठा) :

डीडी आयएफ=/डेव्ह/झिरो ओएफ=/डेव्ह/एसडीबी बीएस=१एम

यात पुढील बाबी ध्यानात ठेवाव्यात.

१) इनपुट फाईल संपली की डीडी थांबतो. ४ जीबीची चित्रपटाची फाईल इनपुट म्हणून दिली, तर ५०० जीबीच्या डिस्कपैकी फक्त पहिले ४ जीबी पुसले जातील. उरलेला हिशेब जागेवरच राहील. '/डेव्ह/झिरो' ही कधीही न संपणारी फाईल आहे, ती शून्येच देत राहते. डिस्क भरल्यावर 'जागा उरली नाही' असा संदेश येतो. तो दोष नव्हे, काम पूर्ण झाल्याची खूण आहे.

२) 'ओएफ'पुढे चुकीच्या डिस्कचे नाव पडले, तर चालू हिशेबाची डिस्क पुसली जाईल. डीडी 'खात्री आहे का?' असे विचारत नाही. आधी 'एलएसबीएलके' आज्ञेने डिस्कचे नाव व आकार पडताळावा आणि लागणाऱ्या फाईलींची प्रत वेगळी ठेवावी.

३) नावापुढे आकडा (एसडीबी१) लावल्यास तेवढाच विभाग पुसला जातो. संपूर्ण डिस्कसाठी आकडा लावू नये.

४) संगणकात एकच डिस्क असेल, तर लिनक्स पेनड्राईव्हवरून सुरू करावे.

सेकंदाला १०० एमबी या वेगाने ५०० जीबीला सुमारे दीड तास लागतो. १९९६ साली पीटर गुटमन यांनी ३५ वेळा लिहिण्याची पद्धत मांडली होती. मात्र अमेरिकेच्या एनआयएसटी संस्थेच्या २०१४ च्या मार्गदर्शिकेनुसार चुंबकीय डिस्कवर एकदा शून्ये लिहिणे साधारणतः पुरेसे असते. एसएसडीला हा उपाय पुरत नाही, कारण तिच्यातील काही राखीव भागांपर्यंत लेखन पोहोचतच नाही. तिथे उत्पादकाची 'सिक्युअर इरेज' सुविधा वापरावी.

शेवटी 'सीएमपी' आज्ञेने डिस्क व '/डेव्ह/झिरो' यांची तुलना करावी. फरक न दाखवता डिस्क संपल्याचा संदेश आला, तरच ती गिऱ्हाइकाच्या हाती द्यावी.