'मम' म्हणजे आई नव्हे

प्रश्न : माझी मुलगी इंग्रजी शाळेत आठवीला आहे. तिच्या गोष्टीच्या पुस्तकात 'मम्स द वर्ड' असं आलं. तिनं अर्थ लावला, 'आई हाच शब्द'. नंतर कळलं, 'कुणाला सांगू नकोस' असा त्याचा अर्थ. मग यात आई कुठून आली?
– एक वाचक, नौबाद (बीदर)

उत्तर : आई यात नाहीच. मुलीला ओठ घट्ट मिटून काहीतरी बोलायला सांगा. नुसतं 'म्म्' ऐकू येईल. तोच हा 'मम'. प, फ, ब, भ, म हे ओष्ठ्य वर्ण आपण पाठ केले, पण ओठ मिटलेले असतानाही नाकावाटे घुमत राहतो तो त्यांतला म एकटाच. म्हणजे 'कुणी विचारलं तर एवढंच बोल' असं ते सांगणं.

शब्द जुना आहे. चौदाव्या शतकातल्या लँगलंडच्या 'पिअर्स प्लाउमन' या काव्यात पैसा दिसेपर्यंत वकिलांच्या तोंडून हा आवाजही निघत नाही, असा टोला आहे. पुढे शेक्सपिअरच्या 'सहावा हेन्री'मध्येही तो येतो. आईशी गल्लत मात्र इंग्रजांनी स्वतःच करून ठेवली. दुसऱ्या महायुद्धात सरकारी भित्तिपत्रकांवर 'वडिलांसारखे वागा, कीप मम' असं छापलं होतं. त्याचे अर्थ दोन : गप्प राहा, आणि आईला पोसा. खासदार एडिथ समरस्किल यांनी 1941 मध्ये हे स्त्रियांचा अपमान करणारं असल्याचं पार्लमेंटात सांगितलं. मला त्यांचं म्हणणं पटतं.

आपला 'मूक' आणि इंग्रजीतला 'म्यूट' याच मिटल्या ओठांतून आले, असं व्युत्पत्तिकार मानतात. बाबासाहेब आंबेडकरांनी 31 जानेवारी 1920 रोजी सुरू केलेल्या पाक्षिकाचं नाव 'मूकनायक' होतं. तिथलं मूकपण लादलेलं होतं. गुपित राखण्याची चुप्पी वेगळी.

म्हणून मुलीला 'मूग गिळून गप्प बसणे' हा प्रतिशब्द देऊ नका. बोलायला हवं तिथे न बोलणाऱ्याला आपण तसं म्हणतो. 'अळीमिळी गुपचिळी' चपखल बसेल. त्यात दोघांनी मिळून गुपित राखणं आहे.

त्या मुगाचं कोडं तुमच्या नौबादेत सुटेल असं मला वाटतं. कन्नडमध्ये मुगाच्या डाळीला 'हेसरु' म्हणतात, आणि 'मूग' म्हणजे मुका माणूस. संस्कृत 'मूक'चंच ते कन्नड रूप. आपल्या वाक्प्रचारातला मूग शेतातला नसून हाच असावा, असं माझं मत आहे. शेजारचं कन्नड घर पोरांना दटावतं, 'गप् कुंद्रु', म्हणजे गप्प बस. तो 'गप्' तर मुलीला समजावून सांगायचीही गरज नाही.