घरच्या वस्तूंचे खेळ

मागील सुगीच्या दिवसांत आम्ही मंडळींतील एका घरीं भेटीस गेलों होतों. नवराबायको दोघेंहि मजुरी करणारीं. आम्ही आंत शिरतांच त्या बाई ओशाळून म्हणाल्या, “पाळकसाहेब, पोराला खेळायला घरात काही सुद्धा नाही हो. जत्रेत मोटार मागत होता, पण तेवढे पैसे कुठून आणायचे?” हें बोलणें चाललें असतां त्यांचा मुलगा अंगणांत बसून जोंधळ्याच्या धाटांची बैलगाडी करीत होता. चाकें बसलीं होतीं, जूं बसावयाचें होतें, आणि आमच्याकडे मान वर करून पाहण्यासहि त्यास सवड नव्हती.

तेव्हांच आमच्या मनांत आलें कीं, ह्या विषयावर ह्या पत्रांत एक पाठ लिहावा. पुष्कळ आईबापांस वाटतें कीं, विकत घेतलें तेंच खेळणें, आणि घरीं केलेलें म्हणजे गरिबीची खूण. कित्येक उपदेशक बंधूंसहि असेंच वाटत असावें. कारण, “मुलांच्या वर्गासाठीं खेळणीं पाठवा,” अशीं पत्रें आम्हांस येतात. आमचें मत उलट आहे. विकतची मोटार दुकानांतच पुरी झालेली असते; मुलानें तिचें करावयाचें कांहीं उरत नाहीं, मोडावयाचें तेवढें उरतें. धाटाची गाडी संध्याकाळीं मोडते, सकाळीं पुन्हां होते, आणि दर वेळीं तिचें चाक कालच्यापेक्षां बरें होतें.

ही गाडी करणें कठीण नाहीं. वाळलेल्या धाटाची वरची टणक साल काढून तिच्या बारीक चोया कराव्या, आणि आंतल्या पांढऱ्या भेंडाचे तुकडे पाडून त्यांत त्या चोया टोंचीत जाव्या. चोय हाच खिळा व चोय हाच आंस. सालीची धार बोट कापते, म्हणून ती वडील माणसानें सोलून द्यावी. पुढें हात लावूं नये. चिंध्यांचा चेंडू तर सर्वांस ठाऊक आहे. चिंध्या ओल्या करून घट्ट गुंडाळाव्या, सुतळीनें आवळाव्या, वाळल्यावर फाटक्या पायमोजांत घालून तोंड शिवावें, म्हणजे तो फार दिवस टिकतो. सात चपटे दगड मिळाले कीं त्याच चेंडूनें लगोरी होते.

आतां ज्या खेळाविषयीं आम्हांस विशेष लिहावयाचें आहे त्याकडे वळूं. परंतु त्यापूर्वीं आमची स्वतःची एक चूक सांगितली पाहिजे. अठरा वर्षांपूर्वीं, पाळकाच्या कामावर नवेच असतां, एका खेड्यांत रविवारीं दुपारीं आम्हीं कांहीं मुलांस एका ओट्यावर कवड्या टाकतांना पाहिलें. कवड्या म्हणजे जुगार, असें आमच्या मनानें घेतलें. आम्हीं कांहीं एक न विचारतां त्या गोळा केल्या व समोरच्या विहिरींत टाकल्या. मुलें निमूटपणें निघून गेलीं. दुसऱ्या दिवशीं त्या घरची म्हातारी आजी काठी टेंकीत आमच्याकडे आली. तिच्या डोळ्यांस नीट दिसत नसे. ती म्हणाली, “साहेब, पैशावर खेळली असती तर मीच त्यांना उठवलं असतं. ती पोरं माझ्यासंगं खेळत होती. माझ्या आईच्या कवड्या होत्या त्या.”

आम्हांस काय बोलावें तें सुचेना. आम्हीं क्षमा मागितली, तिनें ती दिली. परंतु कवड्या कांहीं विहिरींतून वर आल्या नाहींत, आणि मुलें त्या ओट्यावर कांहीं महिने फिरकलीं नाहींत. त्यांपैकीं दोघे पुढें एस. टी.च्या थांब्यामागें पैसे लावून पत्ते खेळतांना आढळले. त्यांस आम्हींच तेथें पाठविलें असें म्हणवत नाहीं. पण जेथें तीं निर्भयपणें बसत असत ती जागा आम्हींच बंद केली होती, हें खरें. जुगार कवडींत नसतो, लावलेल्या पैशांत असतो. एवढा भेद त्या वेळीं आम्हांस करतां आला नाहीं.

पुढें त्याच आजीनें आम्हांस चिंचोक्यांवर हा खेळ शिकविला. ह्याला अष्टाचंग म्हणतात. कर्नाटकांत असाच खेळ चौकाबारा ह्या नांवानें खेळतात. खडूनें किंवा कोळशानें जमिनीवर पांच ओळींत पांच पांच अशीं पंचवीस घरें आंखावीं. चारी बाजूंच्या मधल्या घरांत व अगदीं मधोमधच्या घरांत फुली मारावी. फुलीवर बसलेली सोंगटी मरत नाहीं. गडी दोन, तीन किंवा चार. प्रत्येकाच्या सोंगट्या चार. एकानें खडे घ्यावे, दुसऱ्यानें तुटक्या गुंड्या, तिसऱ्यानें मक्याचे दाणे. वेगळे ओळखूं आले म्हणजे झालें. प्रत्येकानें आपल्या पुढील फुलीवरून निघून उजव्या हाताकडे वळावें व बाहेरच्या सोळा घरांची फेरी पुरी करीत आणावी. आपल्या फुलीच्या अलीकडच्या घरांतून आंतल्या आठ घरांच्या फेरींत शिरावें, ती उलट दिशेनें फिरावी, आणि शेवटीं मधल्या घरांत पोहोंचावें. एकूण पावलें चोवीस होतात. वाटेंत दुसऱ्याची सोंगटी ज्या घरीं असेल तेथेंच आपली पडली, तर त्याची मरते व तिला पुन्हां आरंभापासून निघावें लागतें. निदान एक तरी सोंगटी मारल्यावांचून आंत शिरतां येत नाहीं. गांवोगांव नियम थोडे फिरतात. त्यावरून भांडूं नये, खेळाच्या आधीं ठरवून घ्यावें.

कवड्यांच्या जागीं दोन चिंचोके मधोमध फोडून चार फोडी कराव्या. बाहेरची बाजू काळी, आंतली पांढरी. नीट फुटले नाहींत तर चार अख्खे चिंचोके घेऊन खरबरीत दगडावर एकेक बाजू पांढरी होईपर्यंत घांसावे. (घांसल्यावर चिंचोका तापतो व त्याचा शेजाऱ्यास चटका देतां येतो, हें मुलांस शिकवावें लागत नाहीं.) टाकल्यावर जितक्या पांढऱ्या बाजू वर, तितकीं घरें चालावयाचें. चारी पांढऱ्या पडल्या तर चंग, म्हणजे चार. चारी काळ्या पडल्या तर अष्टा, म्हणजे आठ. आणि ह्या दोहोंवर पुन्हां टाकण्याचा डाव मिळतो.

जे उपदेशक मुलांचा वर्ग चालवितात त्यांनीं येथें थोडें थांबावें. चार फोडी सोळा तऱ्हांनीं पडूं शकतात. त्यांपैकीं एक येण्याच्या तऱ्हा चार, दोनच्या सहा, तीनच्या चार, चंगाची एक आणि अष्ट्याची एक. म्हणजे दोनाचें दान सर्वांत अधिक वेळां यावें. हें मुलांस आधीं सांगूं नये. शंभर वेळां टाकून पाटीवर रेघा ओढावयास सांगावें. रेघांचा मेळ ह्या हिशेबाशीं बहुधा तंतोतंत बसणार नाहीं. कारण चिंचोक्याची एक बाजू फुगीर व एक सपाट असते, आणि तो दोन्ही बाजूंवर सारखा पडत नाहीं. तो कोणत्या बाजूवर अधिक पडतो व कां, हें मुलांनीं शोधावें. एका मूठभर बियांतून गणिताचा असा पाठ निघतो.

आमचें हें बोलणें कोणास खेडवळ वाटेल, म्हणून ज्यांनीं ह्याच मार्गानें मोठें काम केलें त्यांची नांवें सांगतों. ताराबाई मोडक व अनुताई वाघ ह्यांनीं १९४५ सालीं बोर्डी येथें, व पुढें कोसबाडच्या टेंकडीवर आदिवासी मुलांसाठीं, बालवाड्या चालविल्या. माँटेसरीबाईंच्या पद्धतीचीं महाग साधनें तेथें परवडण्यासारखीं नव्हतीं; म्हणून त्यांनीं शिंपले, खडे, बिया व पानें घेऊन मोजणें आणि वेंचणें शिकविलें. अलीकडे पुण्यास अरविंद गुप्ता ह्यांनीं टाकाऊ वस्तूंपासून शेंकडों खेळणीं करून दाखविलीं. त्यांस २०१८ सालीं पद्मश्री मिळाली. त्यांचें एक खेळणें आम्हांस फार आवडतें. सायकलच्या व्हॉल्व्हच्या रबरी नळीचे बारीक तुकडे करून त्यांत गूल काढलेल्या आगकाड्या खोंचावयाच्या. चार काड्यांचा चौकोन केला तर तो दाबतांच लवंडतो. तीन काड्यांचा त्रिकोण दाबला तरी आकार सोडीत नाहीं. मग मुलांस वर पाहावयास सांगावें. छपराच्या कैचींत सुतारानें त्रिकोणच कां घातला, हें तीं आपण होऊन सांगतील.

आतां धोक्याच्या गोष्टी. तीन वर्षांखालील मुलाच्या हातीं चिंचोके, कवड्या, गुंड्या कांहींच देऊं नये. तीं श्वासनळींत अडकतात. त्यास करवंट्या, लांकडी पळी व पालथें पातेलें पुरे. बिट्टी, म्हणजे पिंवळ्या कण्हेरीचें फळ, ह्याच्याशीं खेड्यांतील मुलें सर्रास खेळतात. तिची बी विषारी आहे. लाल अंगाची व काळ्या डोळ्याची गुंज आणि एरंडी ह्याहि विषारी. ह्या तिन्ही खेळांत घेऊंच नयेत. मुलानें त्यांतील एखादी चावली असा संशय जरी आला, तरी घरगुती उपाय न करतां तात्काळ दवाखाना गांठावा, आणि उरलेली बी दाखविण्यास बरोबर न्यावी. फवारणीच्या औषधाचा रिकामा डबा कितीहि धुतला तरी खेळण्याचा होत नाहीं. तसेंच जत्रेंतील दिवे लागणाऱ्या खेळण्यांत गुंडीएवढी चपटी बॅटरी असते. ती गिळली गेली तर अन्ननलिका थोड्याच तासांत जळते. म्हणून तिच्या झांकणास स्क्रू आहे कीं नाहीं तें पाहूनच खेळणें घ्यावें.

चिंच फोडण्याचे दिवस होळीच्या सुमारास येतात. त्या वेळीं मूठभर चिंचोके निवडून उन्हांत वाळवावे व डब्यांत ठेवावे, म्हणजे पावसाळ्यांत मुलें घरांत कोंडलीं असतां कामीं येतात. त्या आजीनें आम्हांस दिलेल्या चार फोडी अजून आमच्या घरीं एका लहान डबींत आहेत. त्यांतील एक जराशी वांकडी असल्यामुळें बहुतेक वेळां काळीच पडते. आजी ती बोटांनीं चाचपून ओळखीत असे, आणि आपला डाव आला कीं ती आधीं बाजूला काढून दुसरी मागत असे.