एकच काठ धर

॥ श्री पद्मालय गणेश प्रसन्न ॥

एरंडोल,
आखाजीनंतरचा रविवार

चि. सौ. सोनूस मावशीचे अनेक आशीर्वाद.

आखाजी पार पडली. गल्लीतल्या लेकी माहेरी आल्या, निंबाला झोके बांधले, घरोघरी घागरी पूजल्या. जिने तिने तुझी चौकशी केली. तुमच्याकडे आखाजीला सुटी नसते, हे मला ठाऊक आहे. पण जूनच्या तोंडाशी तिथल्या शाळांना पेंटेकॉस्टची दोन आठवड्यांची सुटी लागते आणि म्युनिकची बिऱ्हाडंच्या बिऱ्हाडं घाट उतरून इटलीतल्या गार्डा तलावाकडे निघतात, हे तुझ्याकडे राहायला आले होते तेव्हा मी पाहिलं आहे. त्या सुटीचा तू पाठवलेला बेत सावकाश वाचला.

रीवा, मालचेझिने, सिर्मिओने, गार्डालँड, व्हेरोना, एक दिवस व्हेनिस, परतताना मिलान. हे सगळं एका आठवड्यात, आणि बरोबर सात वर्षांचा दादू, तीन वर्षांची छकुली नि गुडघे धरलेल्या तुझ्या सासूबाई. बेत हौसेनं केला आहेस, त्यात खोट नाही. पण त्यात मुलं कुठे आहेत, ते मला दिसेना. म्हणून हे पत्र. एक गाव निवड, एक घर घे, एकच काठ धर, आणि बाकीच्या नावांवर रेघ मार.

हे मी उगीच म्हणत नाही. शाळेत भूगोल शिकवत होते तेव्हा पाचवी-सहावीच्या मुलांना घेऊन वर्षानुवर्षं पद्मालयाला गेले. गावापासून दहा किलोमीटरच्या आतबाहेर. झाडीतून वर चढायचं, दगडी देऊळ, एकाच गाभाऱ्यात डाव्या आणि उजव्या सोंडेचे दोन गणपती, आणि समोर कमळांचा तलाव. दर्शनाला फार वेळ लागत नसे. पुढचा सगळा दिवस मुलं तलावाकाठी रमत. कमळाचं वाळलेलं बोंड कुणाच्या हाती लागलं की त्यातली एकेक बी काढायची, वरचं साल दातांनी सोलायचं, आतला पांढरा गर दोन फाकांत उघडायचा आणि मधला हिरवा कोंब कडू लागतो म्हणून चिमटीनं उपसून टाकायचा. एवढ्या कामात तासभर जाई. कमळाच्या पानावर ओंजळीनं पाणी सोडायचं, ते पान न भिजवता कसं पळतं ते पाहायचं, पुन्हा सोडायचं. कुणी कंटाळलेलं मला आठवत नाही. ज्या वर्षी सहलीत पद्मालयाच्या जोडीला आणखी दोन ठिकाणं घातली, त्या वर्षीच्या मुलांना नंतर निबंध लिहायला सांगितला तर त्यात गाडी, ओकाऱ्या आणि उशीर एवढंच उतरलं. दहा-अकरा वर्षांच्या पोरांची ही तऱ्हा. तुझी छकुली तर तीन वर्षांची आहे.

लहान मुलाला नवी जागा आपलीशी करायला वेळ लागतो. पहिल्या दिवशी ते आईचा पदर सोडत नाही, दुसऱ्या दिवशी पाण्यात पाय घालतं, तिसऱ्या दिवशी त्याचा एक दगड ठरतो, एक बदक ओळखीचं होतं, आईस्क्रीमवाला त्याला हसतो. खरी सुटी तिथून सुरू होते. आणि तुझ्या बेतात नेमक्या त्या दिवशी सामान बांधून पुढच्या गावी निघायचं लिहिलं आहे. व्हेनिस तूर्त राहू दे. तिथे चारशेहून जास्त पूल आहेत आणि बहुतेकांना पायऱ्या आहेत. बाबागाडी उचलता उचलता जावईबापूंच्या पाठीचं काय होईल, याचा विचार कर.

आता काठ कुठला, ते भूगोलाची बाई म्हणून सांगते. गार्डा हा इटलीतला सगळ्यांत मोठा तलाव: लांबी सुमारे 52 किलोमीटर, क्षेत्रफळ सुमारे 370 चौरस किलोमीटर, सर्वाधिक खोली 346 मीटर. हिमनदीनं डोंगर कोरून तो घडवला. म्हणून उत्तरेला तो अरुंद आहे, दोन्हीकडे उभे कडे आणि काठापासून थोड्याच अंतरावर पाणी खोल. दक्षिणेला हिमनदीनं आणलेले दगडगोटे टाकून दिले. तिथे तलाव पसरट झाला, भोवतीच्या टेकड्या बुटक्या आणि पुष्कळ ठिकाणी काठ उथळ. वाराही पाहा. सकाळी उत्तरेकडून पेलेर वाहतो, दुपारी दक्षिणेकडून ओरा सुटतो. उत्तर टोकाला रीवा आणि तोर्बोले इथे शिडाच्या फळ्यांवर स्वार होणारे लोक जगभरातून याच वाऱ्यासाठी येतात. त्यांना जे हवं ते तीन वर्षांच्या मुलीला नको. तेव्हा उत्तर सोड. पूर्व काठाच्या दक्षिण भागात लाझिझे, बार्दोलिनो, गार्डा ही गावं ओळीनं आहेत आणि त्यांना जोडणारी सपाट पायवाट पाण्याच्या कडेनं जाते. त्या वाटेवर बाबागाडी चालते, सासूबाई चालतील, दमल्या तर बसतील. या तिन्हींतलं कुठलंही गाव घे. सिर्मिओनेचा किल्ला देखणा आहे, पण सुटीच्या दिवसांत त्या चिंचोळ्या वेशीतून माणसांचा लोंढा आत शिरतो. मुलांना घेऊन त्यात जाऊ नकोस.

जाताना गाडी घेऊ नका, आगगाडीनं जा. सुटीच्या पहिल्या शनिवारी ब्रेनर घाटात मोटारींची रांग हलत नाही, आणि सीटला जखडलेल्या दोन मुलांना तासन् तास झेलणं हे कुणाच्याही आवाक्याबाहेरचं काम आहे. म्युनिकहून व्हेरोनाला थेट गाडी जाते, साडेपाच तासांच्या आसपास लागतात; मुलं डब्यात हिंडतात, खिडकीतून घाट दिसतो. व्हेरोनाहून पेस्किएरा जवळच आहे, तिथे स्टेशनाबाहेर पडलं की तलाव आलाच. शिवाय मोटार हाताशी नसली की रोज सकाळी ‘आज कुठे जायचं’ हा प्रश्न आपोआप मिटतो.

घर तळमजल्यावरचं आणि स्वयंपाकघर असलेलं घे. हॉटेल नको. तिकडची खानावळीची स्वयंपाकघरं दुपारी अडीचच्या सुमाराला बंद होतात ती संध्याकाळी सातपर्यंत उघडत नाहीत, आणि छकुलीला भूक लागते साडेपाचला. तूप-मेतकूट-भात तिच्या पोटात वेळेवर गेला की संध्याकाळ सगळ्यांना सुखाची जाते. आणखी एक. एरंडोल 21 अंश अक्षांशाजवळ आहे, गार्डा साडेपंचेचाळीस. जूनच्या सुरुवातीला तिथे नऊ वाजता सूर्य मावळतो. उजेडात मुलं झोपायला तयार होणार नाहीत. त्यांच्याशी भांडू नकोस. दुपारी जेवून सगळ्यांनी दोन तास पडावं, इटलीतले लोकही पडतात. उन्हं कलली की पुन्हा पाण्यावर जावं. घराला पोहण्याचा हौद असेल तर त्याला कुंपण आहे का, फाटकाला कडी कुठे आहे, हे घर ठरवण्याआधी विचार. नसेल तर ते घर सोडून दे, कितीही स्वस्त असलं तरी.

आता ज्याच्यामुळे मला झोप येत नाही ते लिहिते. माझी आई, तुझी आजी, पद्मालयाच्या पायऱ्यांवर आम्हा भावंडांना बसवायची आणि अहिराणीत बजावायची, ‘पानीना भरोसा नही.’ तिथे शेवाळावरून पाय घसरतो, कमळाच्या देठांत गुंततो. गार्ड्याचं पाणी नितळ, तळाचे गोटे दिसतात, म्हणून माणूस जास्तच निर्धास्त होतो. 2021 साली जगात सुमारे 3 लाख माणसं बुडून गेली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे; त्यांत जवळजवळ पाव हिस्सा पाच वर्षांखालची मुलं होती. बुडणारं मूल सिनेमातल्यासारखं हात उंचावून ओरडत नाही. तोंड पाण्याखाली गेलं की आवाज निघत नाही, आणि हाताच्या अंतरावर बसलेल्या मोठ्यांना कळत नाही. म्हणून छकुली पाण्यात असेल तेव्हा तुझा किंवा जावईबापूंचा हात तिच्यापर्यंत पोचलाच पाहिजे, बसल्या जागेवरून, न उठता. कुणाची पाळी आहे हे तोंडानं बोलून ठरवा: ‘आता तू बघ’, ‘हो, आता मी बघतो.’ चार मोठी माणसं काठावर असली की प्रत्येकाला वाटतं दुसरा बघतोय, आणि घात तिथेच होतो. ज्याची पाळी त्याचा फोन पिशवीत.

दादूनं पोहण्याचा सीपफर्डशेन बिल्ला मिळवला, फोटो पाहून ऊर भरून आला. 25 मीटर पोहला, खांद्याइतक्या पाण्यातून वस्तू वर आणली, शाबासच आहे. पण तो हौदातला बिल्ला आहे. ब्राँझच्या बिल्ल्यापर्यंत पोचल्याशिवाय मुलाला पोहता येतं असं धरू नये, हे तिथले जीवरक्षकच सांगतात. तलावाचं पाणी त्या दिवसांत गार असतं, गारव्यानं श्वास अडखळतो, आणि तळ हौदासारखा सपाट नसतो. फुगवलेलं बदक, गादी, टायर यांतलं काही नेऊ नकोस. वारा त्यांना काठापासून ओढतो आणि मूल त्यांच्यामागे जातं. न्यायचं तर अंगावर बांधायचं जीवरक्षक जाकीट ने, मापाचं, दोघांनाही. काठ गोट्यांचा आहे, तेव्हा पाण्यात घालायचे रबरी बूट हवेतच. तातडीचा फोन 112, तुमच्याकडचाच.

सासूबाईंबद्दलही बोलते, रागावू नकोस. तुम्ही दोघं जरा फिरून येता आणि मुलं त्यांच्यापाशी, असा एक दिवस बेतात दिसला. घरात ठेवा, बागेत ठेवा, पण पाण्याकाठी नाही. त्यांना पोहता येत नाही, धावता येत नाही, आणि परक्या मुलखात कुणाला हाक मारायची तेही ठाऊक नाही. एवढी जोखीम त्यांच्या पदरात घालू नये. त्याही सुटीवरच आल्या आहेत. त्यांना सावलीतला बाक, चहाचा थर्मास आणि मांडीवर दमून आलेली नात मिळाली की त्या खूश असतील.

एक सैर मात्र जरूर करा. बोटीनं मालचेझिनेला जा, तिथल्या किल्ल्यावर चढा आणि दादूला तिथे बसवून गटेची गोष्ट सांग. 1786 च्या सप्टेंबरात हा जर्मन कवी तिथे त्या जुन्या किल्ल्याचं चित्र काढत बसला होता. गाव तेव्हा व्हेनिसच्या राज्याच्या सीमेवर होतं. लोकांना वाटलं, हा ऑस्ट्रियाचा हेर, किल्ल्याचा नकाशा उतरवतो आहे. गर्दी जमली, चित्र फाडलं, अधिकारी आला. शेवटी फ्रँकफुर्टात नोकरी करून आलेला गावातलाच एक माणूस पुढे झाला, गटेशी फ्रँकफुर्टच्या ओळखीपाळखीचं बोलला, आणि त्यानं सुटका केली. दादू जर्मन शाळेत शिकतो, त्याला हे नाव पुढे अभ्यासात भेटणारच. आणि वही-पेन्सिल बरोबर ने. त्यानंही तो किल्ला काढावा. वरच्या मोंते बाल्दोचा रोपवे सोडा. तो साडेसतराशे मीटरच्या वर नेतो, छकुलीचे कान दुखतील.

अशी गोष्ट जोडली गेली की पाणी मुलांचं होतं. आपल्याकडे हेच झालं. एरंडोल म्हणजे महाभारतातली एकचक्रानगरी, भीमानं बकासुराला इथे मारलं आणि तहान लागली म्हणून पद्मालयाजवळ कोपरानं भीमकुंड खोदलं, असं सगळी पंचक्रोशी मानते. इतिहासात याला पुरावा मागू नये. पण तूही लहानपणी त्या कुंडाशी उभी राहून भीमाचं कोपर केवढं असेल ते दोन्ही हात पसरून दाखवायचीस, म्हणूनच पद्मालय तुला अजून आठवतं. तुझ्या मुलांना ते ठाऊक नाही, ही खंत मला आहे आणि ती मी लपवत नाही. मे महिन्यात मागच्या खेपेला आणलंस तेव्हा पाणी आटलं होतं, उन्हानं पोरं लाल झाली, दर्शन घेऊन परतलात. येत्या डिसेंबरात या. तेव्हा तलाव भरलेला असतो, हवा गार असते, शेतात दादर डुलत असते, वांगी भरताची असतात. आणि तेव्हाही हाच नियम लावा: अजिंठा, शेगाव, शिर्डी असलं काही जोडू नका. आठ दिवस एरंडोलात राहा, मुलांना मनात येईल तेव्हा पद्मालयाला नेऊ.

शेजारच्या काकूंचा मुलगा पंधरवड्यात म्युनिकला परत जातो आहे. त्याच्याबरोबर मेतकूट, कळण्याचं पीठ आणि ज्वारीचे बिबडे देते; बिबडे तळायची गरज नाही, भाजले तरी मुलं खातात. घर ठरलं की ते पाण्यापासून किती पावलांवर आहे आणि मध्ये रस्ता आहे का, ते मला कळव. जावईबापूंना आणि सासूबाईंना नमस्कार, मुलांना गोड पापा.

तुझी,
मावशी